वाचकांचे प्रश्न : बीजिंगचे राष्ट्रीय ग्रंथालय पाहायला जाताना

गेल्या महिन्यात जगातील मोठ्या ग्रंथालयांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना बीजिंगमधील चीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा मी जेमतेम एका ओळीत उल्लेख केला होता. त्या ओळीवर नागपुरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. आलेल्या पत्रांतील सहा येथे घेतली आहेत. चिनी नावांचे उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत, त्यामुळे जमेल तितका जवळचा उच्चार दिला आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त बीजिंगला आहे आणि ऑक्टोबरात आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. भिंत आणि राजवाडा तो दाखवीलच, पण आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे मला तेथील ग्रंथालय पाहण्याची जास्त ओढ आहे. ते किती जुने आहे, आणि त्याच्या इतिहासातले आज डोळ्यांनी पाहता येईल असे काय उरले आहे? (निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : संस्था म्हणून ते १९०९ सालचे आहे, मात्र त्यातील ग्रंथांचे वय त्याहून कितीतरी अधिक आहे. हा फरक ध्यानात ठेवलात तर पाहण्याची मजा वाढेल.

चिनी भाषेत ग्रंथालयाला आज ‘तूशूग्वान’ म्हणतात. हा शब्द जपानी ‘तोशोकान’वरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रुळला. त्याआधीचा शब्द होता ‘त्सांगशूलौ’, म्हणजे पुस्तके साठवण्याची माडी. आणि त्यातल्या ‘त्सांग’ या धातूचा अर्थ साठवणे असा होतो तसाच दडवणे असाही होतो. निंगबो शहरात १५६० च्या दशकात फान चिन नावाच्या एका अधिकाऱ्याने बांधलेली ‘थियानयी’ नावाची अशी माडी आजही उभी आहे. तिच्या कपाटांच्या किल्ल्या घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांकडे वाटून दिलेल्या असत आणि सर्व शाखा एकत्र आल्याशिवाय कुलूप उघडत नसे. घरातील स्त्रियांना वर चढण्याची मुभा नव्हती, बाहेरच्यांची तर गोष्टच सोडा. ग्रंथ त्यामुळे टिकले, हे खरे. वाचले मात्र फार थोड्यांनी.

अठराव्या शतकात चिंग घराण्याच्या चिएनलुंग सम्राटाने याच माडीचा आराखडा समोर ठेवून आपली शाही ग्रंथागारे बांधली. १७७३ मध्ये त्याने ‘सिकू छ्वानशू’ या महासंग्रहाचे काम सुरू करवले. नावाचा अर्थ ‘चार कोठारांतील संपूर्ण ग्रंथ’ असा होतो आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतील सूत्रग्रंथ, इतिहास, तत्त्वचिंतन व ललित साहित्य ही ती चार कोठारे होत. सुमारे साडेतीन हजार ग्रंथ हजारो लेखनिकांनी हाताने उतरवले, आणि तेही एकदा नव्हे, सात वेळा, कारण सात प्रती सात ठिकाणी ठेवायच्या होत्या. त्याच मोहिमेत राजवटीला न रुचणारे हजारो ग्रंथ शोधून जाळण्यातही आले, हे सांगितल्याशिवाय या संग्रहाचे कौतुक पुरे होत नाही. सातांपैकी एक प्रत १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा जाळला तेव्हा भस्मसात झाली आणि दोन चिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या धामधुमीत नष्ट झाल्या. चंगद येथील ‘वनचिन’ माडीत असलेली प्रत मात्र सुखरूप राहिली आणि १९१५ मध्ये या ग्रंथालयाच्या स्वाधीन झाली. त्या काळी शिक्षण मंत्रालयात ग्रंथालये आणि संग्रहालये पाहणाऱ्या विभागाचा अधिकारी लू शुन होता, ज्याला पुढे जग लेखक म्हणून ओळखू लागले. या प्रतीत ३६,३०४ खंड आहेत. ते ६,१४४ लाकडी पेट्यांत आणि त्या पेट्या १२८ मूळ कपाटांत आहेत. खंड, पेट्या आणि कपाटे असे तिन्ही एकत्र टिकलेली ही एकच प्रत होय.

आता संस्थेकडे वळतो. झांग झिदोंग या वजनदार मंत्र्याच्या अर्जावरून ९ सप्टेंबर १९०९ रोजी राजधानीत ग्रंथालय स्थापण्यास दरबाराची मंजुरी मिळाली, आणि महिना उलटण्याच्या आत झांग वारले. स्वतंत्र इमारत नव्हती, म्हणून शिछाहाय तळ्याकाठच्या ग्वांगह्वा या बौद्ध मंदिरात ग्रंथ आणून ठेवले गेले. ग्रंथ लावून होईपर्यंत चिंग घराणेच गेले, प्रजासत्ताक आले आणि २७ ऑगस्ट १९१२ रोजी दरवाजे वाचकांसाठी उघडले. मंदिर आडबाजूला होते आणि दमट होते, त्यामुळे सव्वा वर्षातच, ऑक्टोबर १९१३ मध्ये, ते बंद करावे लागले. मग १९१७ मध्ये ते जुन्या शाही विद्यापीठाच्या आवारात पुन्हा सुरू झाले. दरम्यान १९१६ मध्ये देशात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची एक प्रत तेथे पाठवण्याचा नियम झाला होता. आपल्याकडे असा कायदा १९५४ मध्ये आला.

त्याला हक्काचे घर मिळाले ते १९३१ मध्ये, बेइहाय उद्यानाच्या शेजारी. बाहेरून हिरव्या कौलांचा राजवाडा आणि आतून त्या काळची अद्ययावत वास्तू असे तिचे रूप आहे, आणि आराखडा एका डॅनिश वास्तुकाराच्या संस्थेचा आहे. समोरच्या रस्त्याला त्या शाही प्रतीवरून ‘वनचिन मार्ग’ असे नाव मिळाले. ही इमारत उभी राहिली त्या पैशाची गोष्ट मला स्वतःला फार बोलकी वाटते. परकीयांविरुद्धच्या १९०० च्या बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी टेल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदीची खंडणी लादली होती. अमेरिकेने आपल्या वाट्यातील जी रक्कम परत केली, तिच्यातून चाललेल्या निधीने ग्रंथालयाचा खर्च उचलला. आणि त्याच उठावात परकीय वकिलातींना पडलेल्या १९०० सालच्या वेढ्यात बीजिंगची हानलिन अकादमी जळाली होती, जिच्यात ‘योंगल दादियन’ या पंधराव्या शतकातील विश्वकोशाचे खंड ठेवलेले होते. एकूण ११,०९५ खंडांच्या त्या कोशाची मूळ प्रत आधीच नाहीशी झालेली होती, सोळाव्या शतकातील नक्कल उरली होती. तिचेही आज जगभरात मिळून सुमारे ४०० खंड शिल्लक आहेत. वेढा उठवणाऱ्या फौजेत इंग्रजांनी नेलेले हिंदी शिपाईही होते, हे आपण विसरू नये. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघाने ६० हून अधिक खंड चीनला परत केले.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. जपानी आक्रमणाच्या काळात दुर्मीळ ग्रंथांच्या सुमारे शंभर पेट्या शांघायमार्गे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. त्या १९६५ मध्ये तैवानला गेल्या आणि आजही तेथेच आहेत. १९८७ मध्ये शहराच्या वायव्येस निळ्या कौलांची, जुळ्या मनोऱ्यांची प्रचंड इमारत झाली. १९९८ मध्ये ‘बीजिंग ग्रंथालय’ हे नाव बदलून ‘चीनचे राष्ट्रीय ग्रंथालय’ झाले, आणि ९ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे ९९ व्या वाढदिवशी, जर्मन वास्तुकारांनी आखलेले उत्तरेकडील नवे भवन उघडले. आज संग्रह चार कोटींहून अधिक आहे.

माझी सूचना अशी, की आपण ही ठिकाणे इतिहासाच्या क्रमाने पाहावीत. ग्वांगह्वा मंदिर आजही आहे आणि तेथे पूजापाठ चालतो. तेथून वनचिन मार्गावरची जुनी इमारत फार दूर नाही. प्राचीन ग्रंथांची शाखा म्हणून ती वापरात आहे आणि तिच्या अंगणात जाळल्या गेलेल्या उन्हाळी राजवाड्यातून आणलेले नक्षीदार दगडी स्तंभ उभे आहेत. नवे भवन शेवटी ठेवावे. तारखांच्या बाबतीत एकच सांगणे : १ ऑक्टोबर हा तेथील राष्ट्रीय दिन आहे आणि त्याला जोडून आठवडाभराची सुट्टी असते. त्या दिवसांत अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो. आपण तो आठवडा टाळून जावे.

प्रश्न : माओ झेडाँग तरुणपणी याच ग्रंथालयात नोकरीला होते, असे एका व्याख्यानात ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : नाही. माओ नोकरीला होते ते पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात, १९१८ च्या हिवाळ्यापासून काही महिने. ग्रंथालयाचे प्रमुख ली दाझाओ होते, जे पुढे चिनी साम्यवादी पक्षाच्या संस्थापकांत गणले गेले. माओंचे काम साहाय्यकाचे, पगार महिना आठ युआन. वाचनकक्षात येणाऱ्यांची नावे नोंदवताना मोठमोठे विद्वान आपल्याशी दोन शब्दही बोलत नसत, ही त्यांची तक्रार त्यांनीच नंतर सांगून ठेवली आहे. ग्रंथालयाच्या खिडकीमागे आयुष्य घालवलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल, मग राजकारण काहीही असो.

प्रश्न : आम्ही कामठीचे. ड्रॅगन पॅलेसमुळे आमच्याकडे पूर्वेकडील बौद्ध देशांतले पाहुणे नेहमी येतात आणि चिनी त्रिपिटकाचा विषय निघतो. बीजिंगच्या या ग्रंथालयात बौद्ध ग्रंथ आहेत का? ह्यूएनत्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांचे काही तेथे पाहायला मिळते का? (एक वाचक, कामठी)

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण या ग्रंथालयातील सर्वांत हृद्य कथा बौद्ध ग्रंथांचीच आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. वर ज्या शाही महासंग्रहाचे वर्णन केले, त्यात बौद्ध वाङ्मय जवळजवळ नाही. संपादकांनी मोजके ग्रंथ घेतले आणि धर्मग्रंथांचा मूळ संग्रह बाहेरच ठेवला. ह्यूएनत्संगाचे प्रवासवर्णन मात्र त्यात आहे, कारण ते भूगोल म्हणून इतिहासाच्या कोठारात जमा झाले. प्रत्येक कोठाराच्या खंडांना वेगळ्या रंगाचे रेशमी वेष्टन असते आणि इतिहासाचा रंग तांबडा आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राविषयी, पुलकेशीविषयी, येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत याविषयी जे त्याने लिहिले, ते तेथे तांबड्या वेष्टनात आहे. विदर्भाच्या पूर्वेला लागून असलेल्या दक्षिण कोसलाचे आणि त्या भूमीशी जोडलेल्या नागार्जुनाचे वर्णनही त्याच ग्रंथात येते.

त्रिपिटकासाठी दुसरीकडे पाहावे लागते. ग्रंथालय आपली जी चार रत्ने सांगते, त्यांत शाही महासंग्रह आणि योंगल कोश ही दोन झाली. तिसरे रत्न म्हणजे वायव्य चीनमधील तुनह्वांगच्या गुहेत १९०० मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांपैकी चीनमध्ये राहिलेला साठा, जवळपास १६,००० नगांचा, आणि त्यातील फार मोठा भाग बौद्ध सूत्रांचा आहे. चौथे रत्न म्हणजे ‘झाओछंगचे त्रिपिटक’. ते बाराव्या शतकात उत्तर चीनमधील चिन राजवटीच्या काळात लाकडी ठशांवर कोरले गेले. परंपरा सांगते, की त्स्वै फाचन नावाच्या एका भिक्षुणीने या कामासाठी लोकांनी दान द्यावे म्हणून स्वतःचा हात तोडला. पुढे त्याच्या छापील गुंडाळ्या शान्शी प्रांतातील ग्वांगशंग मंदिरात राहिल्या आणि १९३३ मध्ये एका भिक्षूच्या नजरेस पडेपर्यंत जग त्यांना विसरून गेले होते. ह्यूएनत्संग ६४५ मध्ये परतला आणि मरेपर्यंत त्याने पंच्याहत्तर ग्रंथांचे भाषांतर केले. ती भाषांतरे चिनी त्रिपिटकाचा कणा आहेत, तेव्हा त्याचे श्रम आपल्याला येथेच भेटतात.

१९४२ च्या वसंतात जपानी सैन्याची नजर या ग्रंथांवर असल्याचे कळल्यावर चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग सेनेच्या माणसांनी रातोरात मंदिरातून चार हजारांहून अधिक गुंडाळ्या पाठीवर आणि खेचरांवर लादून डोंगरात नेल्या. त्या बराच काळ एका पडीक कोळसा खाणीत दडवून ठेवाव्या लागल्या. आपल्या वाचकांना ही सेना परकी वाटू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सेनेबरोबर काम करत होते आणि त्याच वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, ते तेथे निवर्तले. आणि १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ही गोष्ट नागपूरकरांनाच अनेकदा सांगावी लागते.

१९४९ मध्ये गुंडाळ्या बीजिंगला पोहोचल्या तेव्हा खाणीतील ओलीने त्यांची दशा वाईट झाली होती. कागद एकमेकांना चिकटून त्यांचे ओंडके बनले होते. दुरुस्तीला चार कारागीर बसले. कापडात गुंडाळलेली गुंडाळी वाफेवर धरायची, थर सैल झाला की बांबूच्या पातळ पट्टीने पदर न् पदर सोडवायचा, मागून नवा कागद लावायचा. हे काम जवळपास १७ वर्षे चालले. ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना संचालकांची नावे सगळेच देतात. माझ्या मते हे चार जण त्यांच्या आधी यावेत.

पाहायला मिळण्याबाबत : मूळ गुंडाळ्या रोज मांडलेल्या नसतात. ग्रंथालयाच्या दक्षिण भवनात २०१४ पासून प्राचीन ग्रंथांचे संग्रहालय आहे आणि तेथे या चार रत्नांतील नमुने आळीपाळीने मांडले जातात. कोणते प्रदर्शन चालू आहे हे आधी पाहून त्याप्रमाणे दिवस ठरवावा, नाही तर प्रतिकृती पाहून परतावे लागेल. नुसती पाने पाहायची असतील तर ग्रंथालयाने आपल्या दुर्मीळ ग्रंथांच्या चित्रप्रती इंटरनेटवरही खुल्या केल्या आहेत. कामठीत बसून ती पाने उघडणे शक्य आहे, वाचायला मात्र जुनी चिनी लिपी येणारा पाहुणाच गाठावा लागेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि हनुमाननगरमधील एका अभ्यासिकेत महिना पैसे भरून बसतो. चीनमधील राष्ट्रीय ग्रंथालयात सामान्य माणसाला, त्यातही परदेशी माणसाला, आत जाऊ देतात का? शुल्क किती? बसायला जागा मिळते का? (विद्यार्थी, हनुमाननगर)

उत्तर : आत जाता येते, आणि शुल्क नाही. २००८ पासून येथील वाचकपत्रासाठी पैसे लागत नाहीत, आणि २०११ पासून देशभरातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या मूलभूत सेवा विनामूल्य करण्यात आल्या. चिनी नागरिकाला ओळखपत्र लागते, आपल्याला पारपत्र. त्या पारपत्रावर वाचकपत्र काढून देतात. तेथे कुठल्याही मोठ्या संस्थेत जाताना पारपत्राची मूळ प्रतच मागतात, झेरॉक्सवर भागत नाही. बीजिंगमधील अनेक ठिकाणी आधी मोबाइलवरून वेळ ठरवावी लागते, म्हणून निघण्यापूर्वी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे नियम पाहावेत. सोमवार शक्यतो टाळावा.

पोहोचणे सोपे आहे. भुयारी रेल्वेच्या चौथ्या मार्गावर ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ नावाचेच स्थानक आहे. शेजारच्या स्थानकावर प्राणिसंग्रहालय आहे आणि ग्रंथालयाच्या पाठीशी ‘जांभळ्या बांबूंचे उद्यान’, त्यामुळे घरातील ज्यांना पुस्तकांचा कंटाळा आहे त्यांची सोय होते. दाराशी विमानतळासारखी तपासणी होते, मोठी पिशवी कपाटात ठेवावी लागते. वही, संगणक आणि पाण्याची बाटली बरोबर नेता येते. पाण्याच्या नळातून गरम पाणी येईल, दचकू नये. तिकडे ऐन उन्हाळ्यातही गरम पाणीच पितात. मेमध्ये माठाकडे धाव घेणाऱ्या नागपूरकराला ही सवय लागणे अवघड आहे.

उत्तर भवनात शिरल्यावर आपण वरच्या मजल्यावर असतो आणि समोर जमीन खाली खाली उतरत जाते. मधला चौक विहिरीसारखा आहे. प्रत्येक पायरीवजा मजल्यावर चारी बाजूंनी मेजे मांडलेली, त्यांच्यामागे खुली कपाटे, वरून काचेच्या छतातून उजेड, आणि तळाशी शाही महासंग्रहाचे दालन. शेकडो माणसे एका नजरेत दिसतात आणि आवाज जवळजवळ नसतो. पायऱ्यांच्या विहिरीत उतरताना जसे पाणी तळाशी असते, तसे येथे जुने ग्रंथ तळाशी आणि जिवंत वाचक त्यांच्या भोवती, अशी वास्तुकारांची कल्पना आहे. वास्तू म्हणून मला १९३१ ची इमारत अधिक आवडते, पण बसून वाचायला ही बरी, हे कबूल केले पाहिजे.

जागेविषयी आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे. तेथेही मेजे अडवणारे कादंबऱ्या वाचणारे नसतात, परीक्षार्थी असतात. पदव्युत्तर प्रवेशाची देशव्यापी परीक्षा वर्षाच्या अखेरीस होते आणि नोकरभरतीची परीक्षाही त्याच सुमारास, त्यामुळे पानगळ सुरू झाली की दार उघडण्याआधी रांग लागलेली दिसते. मेजावर पुस्तक ठेवून तासन्‌तास गायब होणाऱ्यांसाठी चिनी भाषेत ‘झानझ्वो’, म्हणजे जागा अडवणे, असा खास शब्दच आहे आणि त्यावरून ग्रंथालयांत कुरबुरी होतात. आपल्या अभ्यासिकेतील रुमाल टाकून जागा धरणारे मित्र आठवले असतील.

यात एक जुना धागा आहे. सुमारे तेराशे वर्षे चालत आलेली सरकारी नोकरीची शाही परीक्षा चीनने १९०५ मध्ये बंद केली, आणि ती बंद करावी असा अर्ज करणाऱ्यांत हेच झांग झिदोंग होते, ज्यांच्या अर्जावरून चार वर्षांनी ग्रंथालय मंजूर झाले. ठरावीक सूत्रग्रंथ पाठ करणाऱ्या पिढ्यांऐवजी हवे ते वाचणारा वर्ग तयार व्हावा, अशी त्या काळच्या सुधारकांची अपेक्षा होती. आज त्याच ग्रंथालयात मुले पुन्हा प्रश्नसंच सोडवत बसली आहेत. झांग यांनी ते पाहून कपाळाला हात लावला असता की मान डोलावली असती, हे मी आपल्यावर सोडतो; आपण त्या मेजाच्या अधिक जवळ आहात.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर चीनमधील एका पांढऱ्याशुभ्र ग्रंथालयाचे छायाचित्र फिरत असते, मध्ये भला मोठा डोळा आणि छतापर्यंत पुस्तके. ते हेच का? आणि वरच्या कप्प्यातले पुस्तक काढतात कसे? (गृहिणी, मानकापूर)

उत्तर : ते हे नव्हे. ते थियानजिन शहराच्या बिनहाय भागातील ग्रंथालय आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडलेले, आणि त्याचा आराखडा नेदरलँड्समधील वास्तुकारांचा आहे. मधला डोळा म्हणजे एक गोलाकार सभागृह आहे.

वरच्या कप्प्यातले पुस्तक काढतच नाहीत, कारण तेथे पुस्तक नाही. मूळ योजनेत वरच्या कप्प्यांना मागील खोल्यांतून वाट होती. काम तीन वर्षांत उरकण्याच्या घाईत त्या खोल्या गळल्या आणि वर पोहोचायचा मार्गच राहिला नाही. मग पुस्तकांच्या पाठींची चित्रे छापलेले ॲल्युमिनियमचे पत्रे तेथे बसवण्यात आले. खरी पुस्तके आहेत, पण ती बाजूच्या नेहमीच्या दालनांत आहेत. मधल्या चौकातील पायऱ्या गुळगुळीत पांढऱ्या असल्यामुळे फोटो काढता काढता पाय घसरणारेही कमी नव्हते, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. बीजिंगहून थियानजिनला वेगवान रेल्वेने अर्धा तास लागतो आणि तेथून बिनहाय आणखी पुढे आहे. वास्तू देखणी आहे यात शंका नाही; दिवस मोकळा असेल तर जाऊन यावे. एकच दिवस हाती असेल तर मी तो वनचिन मार्गावर घालवीन.

प्रश्न : मी काटोल तालुक्यातील एका गावात ‘ड’ वर्गाचे वाचनालय चालवतो. अनुदान तुटपुंजे, वर्गणी त्याहून तुटपुंजी. चीनमधील राजधानीचे ग्रंथालय भव्य असणारच, पण आमच्यासारख्या खेड्यातील वाचनालयांचे तिकडे काय आहे, आणि लोकांना ते खरोखर खुले असते का? (ग्रंथपाल, काटोल तालुका)

उत्तर : दोन्हीकडची घडण मुळात वेगळी आहे, म्हणून थेट तुलना फसवी ठरते. महाराष्ट्रातील वाचनालये गावकऱ्यांनी काढली आणि शासनाने त्यांना मागाहून मान्यता व अनुदान दिले. १९६७ च्या आपल्या अधिनियमाने ही व्यवस्था बांधली, मात्र इतर काही राज्यांप्रमाणे ग्रंथालय उपकराची तरतूद तिच्यात केली नाही आणि आपले दुखणे तेथूनच सुरू होते. चीनमध्ये सार्वजनिक ग्रंथालय सरकारचेच असते. तेथे सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा फार उशिरा, नोव्हेंबर २०१७ मध्ये, संमत झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्यात तालुक्यासारख्या घटकाच्या मुख्य ग्रंथालयाला गावोगावच्या शाखा जोडण्याची पद्धत घालून दिली आहे : पुस्तके मुख्य ठिकाणाहून फिरतात, नोंदी एकत्र असतात आणि एका शाखेतून नेलेले पुस्तक दुसरीकडे परत करता येते. आपल्या गावातील पन्नास वर्षांच्या वाचनालयाला जो स्वतःचा चेहरा असतो, कार्यकारिणीच्या भांडणांसह, तो त्या शाखांना नसतो. पण नवी पुस्तके नियमाने येतात. काय पुस्तके येणार हे सरकार ठरवते, ही त्या सोयीची दुसरी बाजू झाली, आणि तीही लहान नाही.

खुलेपणाविषयी हांगझोऊ शहराचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. तेथील नगर ग्रंथालयाने भिकाऱ्यांना आणि कचरा वेचणाऱ्यांनाही बिनदिक्कत आत घेतले आणि २०११ च्या सुमारास ती बातमी चीनभर गाजली. अशा लोकांशेजारी बसावे लागते, अशी काही वाचकांनी तक्रार केली होती. त्यांना बाहेर काढण्याचा हक्क मला नाही, आपल्याला जागा बदलून बसता येईल, अशा आशयाचे उत्तर संचालकांनी दिले. अट एकच ठेवली : पुस्तकाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. हांगझोऊ हे तेच शहर, जेथे शाही महासंग्रहाच्या सात प्रतींपैकी एक ठेवलेली होती, आणि दक्षिणेकडील त्या तीन प्रती विद्वानांनी येऊन वाचाव्यात व उतरवून घ्याव्यात अशी मुभा सम्राटाने दिली होती. विद्वानांना, एवढेच. अडीचशे वर्षांनी त्या शहरात कचरा वेचणारा माणूस गोणी दाराशी ठेवून, हात धुऊन वर्तमानपत्र उघडतो.

आपल्या वाचनालयात दाराशी नळ बसवण्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही, असे वाटते. लागलीच, तर कळवावे. पुढच्या अंकात अनुदानाच्या नियमांवरील दोन पत्रांना उत्तर द्यायचे आहे, त्यात आपलेही घेईन.